सगळ्यांच्या हातात एकच पुस्तक कसं येतं?

एखादं पुस्तक खरंच व्हायरल झालंय की नुसतीच हवा आहे, हे ओळखायची माझी पद्धत सोपी आहे. फुटपाथ बघायचा. नाशकात गर्दीच्या रस्त्याला प्लास्टिकचा कागद अंथरून इंग्रजी पुस्तकं मांडणारा जो माणूस बसतो, त्याच्याइतका निर्दय समीक्षक महाराष्ट्रात दुसरा नसेल. त्याला ना लेखकाची भीड, ना प्रकाशकाची. जागा चार फूट, भांडवल बेताचं आणि पावसाची सर आली की सगळा पसारा दोन मिनिटांत पोत्यात. असा माणूस न खपणारं पुस्तक उगाच बाळगत नाही. त्याच्या कागदावर जे आहे ते व्हायरल आहे, विषय संपला.

काय असतं तिथे? सवयी कशा लावाव्यात, पैसा कसा वाढवावा, पहाटे कसं उठावं, कशाकशाची फिकीर करू नये, जपानी लोक शंभर वर्षं कसे जगतात आणि एका कोपऱ्यात गुलाबी-जांभळ्या कव्हरच्या प्रेमकथा. यातला बराच माल नकली. वर प्लास्टिक असल्यामुळे रस्त्यावर कळत नाही. घरी येऊन उघडलं की ओळी तिरक्या छापलेल्या दिसतात, ९६ नंतर थेट ११३ वं पान येतं आणि मुखपृष्ठावरची सोनेरी अक्षरं हळदीच्या रंगाची झालेली असतात. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या, म्हणजे १९५७ च्या कायद्याच्या, ६३ व्या कलमात धंद्यासाठी अशी नक्कल करणाऱ्याला किमान सहा महिने कैद आणि पन्नास हजार रुपये दंड सांगितला आहे. पण श्रीमंतांसारखा विचार कसा करावा हे शिकवणारं पुस्तक दीडशे रुपयांत चोरीचं घेताना गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघंही इतके प्रसन्न असतात, की तिथे कलमाचा विषय काढवत नाही.

आता प्रश्न असा, की जगात दर वर्षी लाखो पुस्तकं निघतात. मग नाशिक, नागपूर, दिल्ली, बंगळुरू, सगळीकडे तीच वीस-पंचवीस कशी? हे ठरवतं कोण?

खरं सांगायचं तर कोणी एक जण ठरवत नाही. पण ते कसं ठरतं, हे प्रकरण मजेशीर आहे.

सुरुवात मोबाइलपासून. २०२० मध्ये जग घरात कोंडलं गेलं, तेव्हा टिकटॉकवर वाचणाऱ्या पोरींनी, आणि काही पोरांनीही, पुस्तकांचे छोटे व्हिडिओ टाकायचा सपाटा लावला. त्या गोतावळ्याला ‘बुकटॉक’ नाव पडलं. आपल्याकडे २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं. पण पुस्तकं यायची थांबली नाहीत. ती इन्स्टाग्रामच्या रील्समधून आली, थोडी उशिरा, पण आली.

रील कोणाला दाखवायचं हे ठरवणारा प्रोग्राम पुस्तक वाचत नाही. त्याला फक्त तुमचा अंगठा कळतो. नवं रील आलं की ते आधी थोड्या लोकांपुढे ठेवलं जातं. अंगठा थांबला का? शेवटपर्यंत पाहिलं का? मैत्रिणीला पाठवलं का? होकार जास्त आले की आणखी लोकांपुढे, तिथेही जमलं की आणखी. अंगठा पुढे सरकला की रील तिथेच गारद. पुस्तक चांगलं आहे का, हा प्रश्न या साऱ्या व्यवहारात कोणी विचारतच नाही. विचारतात तो प्रश्न वेगळा आहे: या पुस्तकावर तीस सेकंदांचं चांगलं रील होतं का?

म्हणून काही पुस्तकं जात्याच रीलला सोयीची असतात. ‘या कादंबरीतल्या निवेदनाचा पोत गुंतागुंतीचा आहे’ असं कोणी म्हणालं तर तुमचा अंगठा कुठे असेल ते तुम्हीच बघा. त्याऐवजी पहिल्या दृश्यात एक मुलगी हसत पुस्तक उघडते, दुसऱ्यात पहाटेचे तीन वाजलेत, डोळे सुजलेत, पुस्तक छातीशी कवटाळलंय आणि खाली लिहिलंय, ‘या पुस्तकानं मला उद्ध्वस्त केलं.’ कथेबद्दल एक अक्षर नाही. तरी आपण थांबतो. हिला एवढं झालं तरी काय, हे कळल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. आमच्या पिढीला हेच काम शेजारच्या काकूंच्या चेहऱ्यावरून करावं लागायचं.

बाकी वर्णन लेबलांनी भागतं. आधी वैरी मग प्रेमी. लग्नाचं नाटक करता करता खरंच प्रेम. आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे हॉटेलात एकच खोली शिल्लक, आणि तिच्यात पलंगही एकच. सिंहस्थात नाशकात खोली मिळत नाही तेव्हा हे अगदी प्रत्यक्षात घडू शकतं, फक्त त्या एका खोलीत आणखी अकरा नातेवाईक असतात, त्यामुळे कादंबरी होत नाही. प्रेमकथेत शृंगार किती, हे सांगायला मिरच्यांचे इमोजी लावतात. एक मिरची, तीन मिरच्या, पाच मिरच्या. नाशिककराला हे समजावून सांगायला नको. मिसळीच्या हॉटेलात तर्री कमी की जास्त हे आपण बसता बसता सांगतो, आणि ऐटीत ‘झणझणीत’ मागवलेल्या पाहुण्याचा चेहरा दहा मिनिटांनी कसा होतो हेही आपण पाहिलेलं आहे.

मुखपृष्ठंही यातूनच बदलली. पूर्वी मुखपृष्ठ दुकानाच्या कपाटात दिसायचं, आता ते पहिल्यांदा दिसतं मोबाइलवर, पोस्टाच्या तिकिटाएवढं. त्यात बारीक रेषांचं चित्र काढून काय उपयोग? म्हणून भडक रंग आणि वीतभर अक्षरं.

एवढं ऐकून वाटेल, की मग काय, रडू येणारी गोष्ट लिहा, जांभळं कव्हर घाला, झालं. तसं होत नाही. असली हजारो पुस्तकं दर वर्षी निघतात आणि त्यातली बहुतेक गपचूप पडून राहतात. उलट जुनी पुस्तकं अचानक उठतात. ट्रॉयच्या युद्धावरची मॅडलिन मिलरची कादंबरी २०११ सालची, तिचा खप उसळला २०२१ मध्ये, बुकटॉकमुळे. मजकूर तोच होता. दुसरं उदाहरण तर ऐकूनच हसू येतं. ‘धिस इज हाऊ यू लूज द टाइम वॉर’ ही छोटी विज्ञानकथा २०१९ ला आली होती, जाणकारांत नाव होतं, बाकी शांतता. मे २०२३ मध्ये एका जपानी कार्टूनच्या चाहत्यानं, तेही अत्यंत चावट टोपणनावाच्या खात्यावरून, ट्विट केलं: काही शोधत बसू नका, फक्त वाचा. काही दिवसांत पुस्तक ॲमेझॉनच्या एकूण यादीत पहिल्या दहात. जे मोठमोठ्या पुरस्कारांनी झालं नाही ते या टोपणनावानं केलं, आणि दोन्ही लेखकांना ते नाव घेऊन जाहीर आभार मानावे लागले.

मग यात नशीब किती आणि गुण किती? यावर एक झकास प्रयोग झालेला आहे. तो पुस्तकांवर नाही, गाण्यांवर झाला, पण आपल्या कामाचा आहे. मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी तो २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापला. अनोळखी बँडची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली. चौदा हजारांहून जास्त लोक आले. ऐका, आवडलं तर उतरवून घ्या, इतकंच. काही लोकांना फक्त गाण्यांची नावं दिसत होती. उरलेल्यांना मात्र आठ वेगवेगळ्या गटांत टाकलं होतं आणि प्रत्येकाला आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवलं, हा आकडा दिसत होता. आठही गटांत सुरुवात शून्यापासून.

हेच आपल्याकडे करून बघू. आठ नाशिक आहेत समजा. आठही ठिकाणी तेच पंचवटी, तेच सिडको, तोच नाशिकरोड, तीच माणसं. फक्त एका नाशकातली खबर दुसऱ्यात पोचत नाही. आठही ठिकाणी एकाच दिवशी तीच ४८ पुस्तकं दुकानात लागली. वर्षानं गेलात तर आठही ठिकाणी एकच पुस्तक गाजत असेल का? प्रयोगाचं उत्तर आहे, नाही. आकडे न बघणाऱ्या लोकांत जे गाणं ४८ पैकी २६ वं होतं, म्हणजे धड बरं ना वाईट, ते एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या एका गटात चाळिसावं. गाणं तेच, चाल तीच. पहिल्या गटात सुरुवातीला चार-दोन माणसांना ते आवडलं, आकडा वर दिसला, आकडा बघून पुढचे आले, त्यांनी आकडा आणखी वाढवला. दुसऱ्या गटात ती चार-दोन माणसं त्या वेळी बहुधा चहाला गेली होती.

गुणाला काहीच किंमत नाही, असं मात्र त्यातून निघालं नाही. जी गाणी लोकांना मनापासून आवडली होती ती सहसा फार खाली गेली नाहीत आणि अगदी रद्दड गाणी सहसा फार वर आली नाहीत. मधल्या ढिगाचं मात्र काहीही होऊ शकत होतं. आणि पुस्तकांच्या दुनियेत मधला ढीग केवढा असतो हे कुठल्याही ग्रंथप्रदर्शनात एक चक्कर मारली की कळतं.

ज्यांना हा प्रयोग कृत्रिम वाटतो त्यांच्यासाठी जे. के. रोलिंगबाई आहेत. त्यांनी एप्रिल २०१३ मध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ या नावानं एक रहस्यकथा काढली. समीक्षकांनी बरं म्हटलं. जुलैपर्यंत ब्रिटनमध्ये पुठ्ठा बांधणीच्या साधारण दीड हजार प्रती गेल्या. मग एका वृत्तपत्रानं बिंग फोडलं, की हा गॅलब्रेथ म्हणजे हॅरी पॉटरची आई. लगेच ते ॲमेझॉनवर पहिल्या क्रमांकावर. आत एक स्वल्पविरामही बदललेला नव्हता. बाईंनी पुढे त्या पुस्तकाला आलेली नकाराची पत्रंही जाहीर केली. त्यातल्या एका प्रकाशकानं त्यांना लेखनाचा कोर्स करायला सुचवलं होतं.

आकडा बघून माणूस येतो म्हटल्यावर आकड्याशी खेळणारे येणारच. वरच्या प्रयोगातल्याच मंडळींनी नंतर यादी मुद्दाम उलटी करून पाहिली, तळाच्या गाण्याला सगळ्यात लोकप्रिय म्हणून दाखवलं. बरीच गाणी त्या खोट्या आकड्याच्या जोरावर खरोखर चालली. सगळ्यात चांगली गाणी मात्र हळूहळू पुन्हा वर सरकू लागली, आणि एकूण गाणी उतरवून घेणंच कमी झालं. भलतंच ऐकून लोक वैतागले असणार. ‘बेस्टसेलर’ म्हणून हातात पडलेलं पुस्तक चाळीस पानांत सोडून नंतर सहा महिने काहीच न वाचणारा वाचक मला इथे आठवतो.

ॲमेझॉनवरची ‘क्रमांक एक’ ही पट्टी तर फारच विनोदी गोष्ट आहे. तिथे विषयांचे इतके बारीक कप्पे आहेत आणि यादी इतक्या वरचेवर बदलते, की निर्जन कप्पा निवडला तर दोन-चार प्रतींत पहिला नंबर येतो. २०१६ मध्ये ब्रेंट अंडरवुड नावाच्या माणसानं स्वतःच्या पायाचा फोटो काढून त्याचं ई-पुस्तक केलं. आत काही नाही, फक्त पाऊल. ते गुप्त संघटनांच्या वगैरे कप्प्यात टाकलं, दोन-तीन प्रती गेल्या, पट्टी मिळाली. न्यूयॉर्क टाइम्सची यादी जास्त कडक, तिथे घाऊक खरेदीचा संशय आला तर नावापुढे खंजिराची खूण करतात. तरी २०१७ मध्ये एक किशोर कादंबरी अशाच संशयावरून पहिल्या नंबरवरून उचलून बाहेर काढावी लागली.

मराठीत खंजीर नाही, आपल्याकडे ‘आवृत्ती’ आहे. ‘सातवी आवृत्ती’ वाचून दडपून जायच्या आधी एक आवृत्ती किती प्रतींची, हे विचारावं. मराठीत ती हजाराची असू शकते, पाचशेची असू शकते, आणि हल्ली मागणी येईल तसं छापायची सोय आहे, त्यात आवृत्ती या गोष्टीला काही मापच उरलेलं नाही.

दुसरं एक यंत्र आहे ते दुकानाचं. ‘ज्यांनी हे घेतलं त्यांनी तेही घेतलं.’ ॲमेझॉनच्या लोकांनी २००३ मध्येच या पद्धतीवर निबंध लिहिला होता. कल्पना साधी आहे. तुमची आवड ओळखत बसायचं नाही, कुठल्या वस्तू एकाच गिऱ्हाइकाच्या पिशवीत वारंवार पडतात एवढंच मोजायचं. एकदा तुम्ही सवयींचं पुस्तक घेतलंत की पैशाचं दिसणार, पैशाचं घेतलंत की पहाटे उठण्याचं दिसणार आणि ते घेतलंत की जपान आलाच. जपानचं ते ‘इकिगाई’ लिहिलंय स्पेनमधल्या दोघांनी, हे बऱ्याच जणांना वाचून झाल्यावरही लक्षात आलेलं नसतं. आणि पहाटे पाचला उठण्याचं म्हणाल, तर नळाला त्या वेळी पाणी येतं एवढ्याच कारणानं आमच्या आजीनं सगळं आयुष्य पाचला उठून काढलं. तिला कोणी मानधन दिलं नाही.

सवयींच्या पुस्तकातलं एक गणित फार फिरतं. रोज एक टक्का सुधारा, वर्षाअखेर ३७ पट चांगले व्हाल. गणित चूक नाही. १.०१ हा आकडा ३६५ वेळा एकमेकांत गुणला की ३७.७८ येतात. पण मग थांबायचं कशाला? दुसऱ्या वर्षाअखेर माणूस चौदाशे पटींच्या पुढे जातो आणि तिसऱ्या वर्षी पन्नास हजार पटींच्या. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ तीन वर्षं नेमानं सुधारतायत. रोज सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर चालतात, कानात तेच पुस्तक लावलेलं असतं. स्कूटर अजून फाटकासमोर आडवीच लावतात.

विकत घेतलेलं सगळं वाचलं जातं का, हा पुढचा नाजूक मुद्दा. जॉर्डन एलनबर्ग या गणितज्ञानं २०१४ मध्ये अर्ध्या गमतीत एक मोजपट्टी काढली. किंडलवर वाचक ज्या ओळी अधोरेखित करतात त्यातल्या सर्वाधिक पाच घ्यायच्या आणि त्या सरासरी कितव्या पानावर आहेत ते बघायचं. लोक शेवटपर्यंत गेले असतील तर खुणा पुस्तकभर विखुरलेल्या असतील. थॉमस पिकेटींचा भांडवलावरचा ग्रंथ त्या वर्षी भयंकर गाजत होता. सातशेच्या आसपास पानं. त्यातल्या लाडक्या पाच ओळींपैकी शेवटची होती २६ व्या पानावर. पट्टीवर भरले २.४ टक्के. मोजपट्टीला त्यानं नाव दिलं स्टीफन हॉकिंगचं, कारण १९८८ चं ते काळावरचं पुस्तक न वाचता कपाटात ठेवण्याची परंपरा जगभर आहे. हॉकिंगना ६.६ टक्के मिळाले, म्हणजे पिकेटींपेक्षा बरे.

आमच्या भाचीला मी हे सांगितलं. तिच्या टेबलावर अशी सहा-सात पुस्तकं कण्यांच्या रंगानुसार लावलेली आहेत, फिक्या निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत.

“यातलं किती वाचलंस?”

“मामा, ते निळं लावलं ना, म्हणून शेल्फ पूर्ण झालं.”

“अगं, वाचलंस किती?”

“तू ते ज्ञानकोशाचे खंड वाचलेस का?”

विषय मी बदलला.

तिच्या पिढीनं हे नवीन काही शोधलेलं नाही, हेही तिला सांगायचं राहिलं. १७७४ मध्ये गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी आली तेव्हा युरोपातली तरुण पोरं नायकासारखा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालून हिंडू लागली. लायप्झिग शहरानं पुढच्या वर्षी पुस्तकावर बंदी घातलीच, शिवाय त्या पोशाखावरही. अडीचशे वर्षांपूर्वी, विजेचा दिवा नसताना. फरक पडला तो वेगाचा. तेव्हा लाट पसरायला महिने लागायचे, आता शनिवार-रविवार पुरतो. आणि ओसरायलाही तेवढाच.

हा वेग आपल्या फायद्याचा आहे. व्हायरल पुस्तक लगेच घ्यायचं नाही, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ पैसे वाचतात. वर्षभर थांबायचं. तोवर ज्यांनी घेतलं ते घर आवरायला काढतात आणि तुम्हाला कोरं पुस्तक मागून मिळतं. किंवा नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहेच. १८४० पासून चालू आहे, त्याला एखाद्या वर्षाचं काय. तिथे देवघेवीच्या टेबलाशी जरा रेंगाळावं. परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा बघावा, आणि त्यात एखादं कडा काळवंडलेलं, कणा तीनदा चिकटवलेलं दिसलं तर ते उचलावं. त्या कण्याला कोणी पैसे देऊन चिकटपट्टी लावून घेतलेली नसते. नाशकातूनच निघालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या गावोगाव आणि परदेशातही गेल्या, त्याही अशाच, शेजाऱ्यानं शेजाऱ्याला ‘हे वाच’ म्हणण्यावर चालतात. तिथेही चार-दोन माणसांपासूनच सुरुवात होते. पण ती माणसं तुमच्या ओळखीची असतात, आणि पुस्तक टुकार निघालं तर त्यांना रस्त्यात गाठता येतं.

मराठी पुस्तकांचं काय, असं कोणी विचारेल. पुस्तक पूर्ण व्हायरल होणं आपल्याकडे दुर्मीळ, आपल्याकडे त्याचे तुकडे होतात. वपुंचं एक वाक्य सूर्यास्ताच्या फोटोवर, पुलंचा एक किस्सा पुलंना माहीतही नसलेला. आणि २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या सकाळी, कुसुमाग्रजांच्या नावानं ज्या कविता व्हॉट्सॲपवर येतात त्या सगळ्या त्यांनी लिहिल्या असत्या तर त्यांना जेवायलाही सवड मिळाली नसती. बाहेरगावच्या माणसानं फसणं समजू शकतो. पण कवितेच्या शेवटी हात जोडलेले तीन इमोजी आणि ‘आवडल्यास पुढे पाठवा’ असेल तर ती तात्यासाहेबांची नव्हे, एवढं निदान नाशिकच्या ग्रुपवर तरी कोणी सांगायला हरकत नाही.